दोन माईकची पट्टी

आधीच सांगून ठेवतो, मी काही इंजिनियर नाही. आमच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावच्या बाजारात माहं माईक-पोंग्याचं दुकान आहे, उमेंद्र साउंड सर्व्हिस. लग्न असो, भागवत सप्ताह असो, कोणाचा सत्कार असो, दोन पोंगे, चार माईक अन् आवाज मोठा करायचं एक मशीन घेऊन मी हजर. वीस वर्षं झाली. आवाजातलं आपल्याले सारं समजते, असा मले लय माज होता. तो कसा उतरला ते सांगतो.

माही माय, सुशिलाबाई. आमच्या गावात रोवण्याचं गाणं उचलणारी बाई म्हणजे तीच. धानाचा रोवणा लागला, म्हणजे भाताची लावणी सुरू झाली, की वीस-पंचवीस बाया बांधीत, धानाच्या चिखलात, ओळीनं वाकतात अन् मधोमध माय राहते. ती एक ओळ विचारते, बाकीच्या जबाब देतात. चाळीस वर्षांपासून तिच्या डाव्या अंगाले रुख्माकाकू अन् उजव्या अंगाले शांतीबाई. बाकीच्या बाया बदलल्या, काही मेल्या, काही लेकीकडे गेल्या, पण या तिघींची जागा कोणी बदलली नाही. कोणाचा हात मंद झाला हे माय न पाहता सांगे. "शांती, झोपली का वो?" असं गाण्याच्या मधातच म्हणे अन् पुढची ओळ धरे.

यंदा उन्हाळ्यात तिचा आवाज बसला. आम्ही हळद-दूध पाजलं, लवंगा चघळवल्या, अन् त्यात तीन महिने घालवले. शेवटी नागपूरले नेलं. डॉक्टरनं नळी घालून पाहिलं अन् सांगितलं, गाठ आहे, आवाजाची पेटी पूर्ण काढावी लागते. जीव वाचेल, बोलणं जाईल. ऑपरेशनची तारीख दिली पुढच्या सोमवारची. त्या दिवशी मंगळवार होता.

परत येताना सडक अर्जुनीजवळ एका ढाब्यावर गाडी थांबवली. चेतना, माही बायको, पदर तोंडात घालून रडून राहिली होती. माय भजे खाऊन राहिली होती. अन् मी? मले काहीच होऊन नाही राहिलं. खरं सांगतो, काहीच नाही. पायावर बसून पाय झोपते, मग चिमटा काढला तरी समजत नाही, तसं आतून झालं होतं. मी ट्रकाचे नंबर वाचत बसलो.

मायनं भजे संपवले, हात पुसले अन् त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "उमेंद्र, माहं रोवण्याचं गाणं भरून ठेव."

"मागच्या साली मोबाईलवर भरलं ना."

"ते नको. त्यात साऱ्या बाया एका ड्रमात कोंबल्यासारख्या वाटतात. रुख्मा कुठं, शांती कुठं, काही समजत नाही. मी बांधीत उभी राहते तं मले या कानानं रुख्मा ऐकू येते अन् या कानानं शांती. तसं पाहिजे. सोमवारनंतर मी काही गाणार नाही. निदान ऐकताना तरी मधात उभी असल्यासारखं वाटलं पाहिजे मले."

तिनं जन्मात माह्याजवळ काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "होते." बस, एवढंच म्हटलं.

पोंग्याच्या धंद्यात डावं-उजवं काही नसते. एक माईक, एक आवाज, साऱ्या गावाले सारखा. पण दोन माईक एका पट्टीवर लावायचे, दोन कानांत जेवढं अंतर तेवढं मधात ठेवायचं, तोंडं जराशी बाहेर फिरवायची, म्हणजे माणसाच्या कानासारखं भरते, एवढं मले माहीत होतं. तशी पट्टी तयार मिळते. मोबाईलवर पाहिलं तं आठ दिवसांत घरपोच. आठ दिवसांत मायचा आवाज दवाखान्याच्या बादलीत गेला असता. मी मोबाईल गादीवर फेकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच योगराजच्या दुकानात गेलो. त्याचं खिडक्या-दरवाज्यांचं काम आहे, माह्या दुकानाच्या बाजूलेच. म्हटलं, "भाऊ, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दे, एक इंच रुंद, हातभर नको, वीतभरच."

"क्या बना रहे, भाऊ?"

"मायचं डोकं," मी म्हटलं. त्यानं भंगारातून एक तुकडा काढला. जुन्या खिडकीचा होता, पण जाड होता, वाकत नव्हता.

मधात एक भोक पाडलं, पट्टी बसवायले. दोन्ही टोकांले भोकं नाही पाडली, लांबट खाचा पाडल्या, म्हणजे माईक मागे-पुढे सरकवता येते. माईकच्या क्लिपात तीन सुती, म्हणजे पाव इंचाहून जरा जाड, बोल्ट बरोबर बसते, हे मले पंधरा वर्षांपासून माहीत. योगराजच्या डब्यात तसे दोन बोल्ट निघाले. खाली वॉशर, वर सायकलच्या ट्यूबचे कापलेले गोल तुकडे, म्हणजे हादरा माईकपर्यंत जात नाही. कोपरे कानशीनं घासले. साऱ्याले मिळून दोन तास लागले. पिशवीच्या कोपऱ्यात मावेल एवढीशी पट्टी, पण ठोकून पाहिली तं एकदम पक्की. योगराजनं हातात घेऊन वजन केलं अन् म्हणाला, "कंपनी का माल लगता है." त्या दिवशी तेवढीच एक गोष्ट मले बरी वाटली.

अंतर ठरवायले घरी आलो. माय तांदूळ निसत होती. मी पट्टी तिच्या डोक्यावर आडवी धरली.

"काऊन रे? टोपी शिवून राहिला का?"

"हलू नको. कान मोजून राहिलो."

चेतनानं शिलाईचा टेप आणला. ह्या कानापासून त्या कानापर्यंत सरळ सहा इंच. मोबाईलवर पावणेसात सांगितलं होतं. मी मोबाईलचं ऐकलं नाही. मायले जसं ऐकू येते तसं पाहिजे ना, मग मायचंच माप पाहिजे. दोन्ही माईक सरकवले, बोल्ट कसले. माय हसली, अन् हसताना तिले ठसका आला. तो ठसका लय वेळ थांबला नाही. चेतना पाणी आणायले पळाली. मी पाना हातात घेऊन बोल्टच कसत बसलो, कसलेला होता तरी.

दोन लांब वायरी मी स्वतः जोडल्या. एक दुकानात जुनी पडली होती, दुसरीले त्याच दिवशी पिना लावल्या. आतून दोन तारा निघतात, लाल अन् पांढरी. आमच्या धंद्यात कोणी पाहत नाही कोणती कुठं लागली. लाल इकडे लावा, पांढरी तिकडे लावा, उलटं करा, आवाज येतेच. गुरूनं मले तसंच शिकवलं अन् मीही वीस वर्षं तसंच केलं. मग एक-एक माईक तपासला. हॅलो, हॅलो, वन, टू. पहिला ठीक. दुसरा ठीक. आम्ही असंच तपासतो, एका वेळी एक.

शुक्रवारी बायांले आंगणात बोलावलं. साऱ्या नव्या साड्या नेसून आल्या, सतरंजीवर बसल्या अन् गाणंच निघेना. एकीनं सुरू केलं तं दुसरी हसे. रुख्माकाकू ओळच विसरली. मी वैतागलो. "चाळीस वर्षं गाऊन राहिल्या, अन् आता काय दातखीळ बसली?"

रुख्माकाकू माह्यावर भडकली. "ये उमेंद्र, तोंड सांभाळ. बसून कुठं रोवण्याचं गाणं निघते का? पाय चिखलात पाहिजे, हात चालला पाहिजे. तुही माय काय भजनी मंडळात हाये?"

मायनं नुसती मान हलवली. म्हणजे काकूचं बरोबर.

म्हणून शनिवारी सकाळी आमच्याच बांधीत गेलो. दोन बांध्यांचा रोवणा राहिला होता. स्टँड चिखलात उभा राहीना, तं मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या मातीत, बांबू गाडला अन् त्याच्या डोक्यावर पट्टी कसली. मायले डॉक्टरनं चिखलात उतरू नको म्हटलं नव्हतं, कारण ती उतरेल असं त्या बिचाऱ्याच्या डोक्यातच आलं नसेल. ती लुगडं खोचून मधोमध उभी राहिली. डावीकडे रुख्माकाकू, उजवीकडे शांतीबाई. मी दोरी लावून पाहिलं, बांबू मायच्या नाकासमोर बरोबर आला पाहिजे. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही. एवढं नेमकं काम मी जिंदगीत केलं नव्हतं.

माय वाकली, पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, पेंढी सोडली अन् उचललं:

"कोनाच्या गं बांधीत पानी आलं?"

"आमच्या गं बांधीत पानी आलं," बायांनी जबाब दिला.

"कोनाच्या गं हाती परा आला?"

"आमच्या गं हाती परा आला."

आवाज फाटका होता. वरची पट्टी लागत नव्हती, ती खालच्या आवाजात, बोलल्यासारखी गात होती. पण ताल एक इंच हलला नाही. बाया मागे-मागे सरकत रोवत गेल्या. शांतीबाईच्या डोळ्यांतून पाणी गळून राहिलं होतं अन् हात चालूच होते. मी मात्र गाणं भरायले आणलेल्या लॅपटॉपवरच्या हिरव्या रेघा पाहून राहिलो होतो. दोन रेघा, डावी अन् उजवी, दोन्ही बरोबर. मले वाटलं, आता तरी काही होईल आतून. झालं नाही.

गाणं संपलं. माय कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. मी बांबूमागे उभाच होतो. ती तिथूनच म्हणाली, "उमेंद्र, काऊन रे असा खुंट्यासारखा उभा? किती दिवस झाले, एक शब्द नाही तुह्या तोंडात. बोल ना काही."

मी हात वर करून दाखवलं, झालं म्हणून, अन् भरणं बंद केलं.

धुऱ्यावरच हेडफोन लावून ऐकलं. डाव्या कानात रुख्माकाकू, उजव्या कानात शांतीबाई, अन् माय सगळीकडे. मले वाटलं, जमलं. चेतना मायले मामीजी म्हणते. तिले ऐकवलं तं तिनं तोंड वाकडं केलं.

"मामीजींचा आवाज कसातरी येते. डोक्याच्या मागून आल्यासारखा. समोर उभ्याच नाही वाटत."

"तुले स्टिरिओ काय समजते?" मी तिच्या अंगावर ओरडलो. "शिलाई मशीन चालव आपली." तिनं हेडफोन काढून माह्या हातात दिला. मायनं ऐकायले मागितलं, पण हात-पाय धुऊन होईपर्यंत तिले धाप लागली. मी म्हटलं, दवाखान्यातून आल्यावर ऐक, आरामात. ती म्हणाली, बरं.

सोमवारी ऑपरेशन झालं. त्याबद्दल मी जास्त सांगत नाही. महिनाभरानं माय घरी आली. गळ्याले भोक, त्यावर पांढरा फडका. श्वास तिथून घेते. बोलायले तोंड उघडते अन् नुसती हवा निघते. मग तिनं टाळ्यांची भाषा काढली. एक टाळी म्हणजे चेतना, दोन टाळ्या म्हणजे मी. जोरात दोन टाळ्या म्हणजे मी काहीतरी चुकलो. पहिल्या दिवशीच जोरात दोन टाळ्या वाजल्या, मी चपला घालून घरात आलो होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी रोवण्यातल्या बाया तिले पाहायले आल्या. आंगण भरून गेलं. माय एकेकीचा हात धरे अन् सोडे. मग शांतीबाई म्हणाली, "उमेंद्र, ते गाणं लाव ना. साऱ्या मिळून ऐकू." मायनं दोन टाळ्या वाजवल्या. लाव.

हेडफोन एक अन् बाया वीस. मी दुकानातून मशीन अन् पोंगा आणला. पोंग्याले एकच तार लागते, म्हणून लॅपटॉपची डावी-उजवी दोन्ही एकत्र पिळून दिली, जसं आम्ही दर लग्नात करतो. हात आपोआप करतात ते. मायले पोंग्यासमोर खुर्ची दिली अन् मी तिच्या बाजूले पाटावर बसलो.

लावलं. चिखलात पाय रुपायचा आवाज आला. पाण्याचा आला. मग थोडा वेळ काहीच नाही, दूर कुठंतरी कोणी फुसफुसल्यासारखं. अन् मग बाया:

"आमच्या गं बांधीत पानी आलं."

पुन्हा काहीच नाही.

"आमच्या गं हाती परा आला."

मी आवाज वाढवला. बाया मोठ्या झाल्या, माय आलीच नाही. रुख्माकाकू होती, शांतीबाई होती, पाणी होतं, बगळा ओरडला तो होता. फक्त मधातली बाई नव्हती. कोणी विचारलंच नाही अन् वीस बाया जबाब देऊन राहिल्या होत्या. आंगणात साऱ्या खाली पाहायले लागल्या. मी मायकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. रागावली असती तं बरं झालं असतं. तिनं हळूच माह्या पाठीवर हात ठेवला, जाऊ दे म्हणून, अन् उठायले लागली.

दवाखान्यात पेटी काढली ती डॉक्टरनं काढली, जीव वाचवायले काढली. इथं मी काढली होती. ह्या हातांनी. दोरी लावून, नाकासमोर बांबू गाडून, बरोबर मधोमध.

"मी म्हटलं होतं ना," चेतना मागून हळू म्हणाली, "समोर नाहीत म्हणून."

मग माहं डोकं फिरलं. सव्वा महिना जे काही आत झोपलं होतं ते एकदम उठलं. मी शिवी दिली, कोणाले दिली माहीत नाही, अन् पिळलेल्या वायरींतून जी हाताले लागली ती खसकन उपटली.

"कोनाच्या गं घरी सोनं पिकलं?" पोंगा गरजला.

माय होती. भल्या मोठ्या फाटक्या आवाजात, आंगणभर. शेजारच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. रुख्माकाकूनं कपाळावर हात मारला, "अगं माय वो!" अन् ती ओरडली की रडली, मले समजलं नाही.

आता सांगतो काय झालं होतं ते. एका वायरीत लाल तार जिथं होती, तिथं दुसरीत मी पांढरी लावली होती. त्यामुळं एक माईक आवाज ढकले तेव्हा दुसरा ओढे. वेगवेगळे ऐका, दोन्ही चांगले. एकत्र केले की जो आवाज दोन्ही माईकमध्ये सारखा गेला, त्याचे दोन्ही भाग एकमेकाले खाऊन टाकतात. बाजूच्या बाया वाचल्या. बरोबर मधोमध होती तीच मेली. पुढं ते लॅपटॉपवर एका बटणानं दुरुस्त झालं, अन् आता हेडफोनमध्ये माय समोर उभी राहते, जिथं पाहिजे तिथं. चेतनाचीही मी माफी मागितली, साऱ्यांसमोर. पण त्या दुपारी मले हे काही सुचलं नाही. माह्या हातात तुटकी वायर होती अन् पोंग्यातून माय गाऊन राहिली होती.

माय खुर्चीवर परत बसली होती. तिचे ओठ हलून राहिले होते, आवाजाशिवाय, पोंग्याबरोबर. बायांनी जबाब देणं सुरू केलं, पोंग्यातल्या बायांनीही अन् आंगणातल्या बायांनीही. कोणाचं कोणतं समजेना.

गाणं संपलं. मी बंद करायले उठलो नाही. पुढं काय आहे ते मी विसरलो होतो.

"उमेंद्र," पोंग्यातून आवाज आला, जवळून, खरखरीत, "काऊन रे असा खुंट्यासारखा उभा? किती दिवस झाले, एक शब्द नाही तुह्या तोंडात. बोल ना काही."

त्यानंतर रिकामं होतं. बांधीतलं पाणी वाजून राहिलं होतं. त्या दिवशी तिथं माहा जबाब यायले पाहिजे होता अन् मी नुसता हात वर केला होता.

"मले भेव लागते, माय," मी म्हटलं. पोंग्याकडे पाहूनच म्हटलं, मोठ्यानं, वीस बायांसमोर. "तू मले शिव्या देणार नाही आता. मले लय भेव लागते." अन् मग मी असा रडलो की चेतनाले मशीन बंद करावं लागलं.

बाजूले माय होती. तिनं माह्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, नेहमी घालते तसा. मग दोन टाळ्या वाजवल्या अन् बोटानं खूण केली, पहिल्यापासून लाव. मी नाक पुसलं अन् पहिल्यापासून लावलं.